घाबरट कुत्र्यांसाठीचे जॅकेट: नेरूळ ते पेण, आठ महिन्यांचा अनुभव

खारी ही आमची देशी कुत्री चार वर्षांची असून वजनाने अठरा किलोची आहे. सोसायटीच्या आवारात तिचा चांगलाच दरारा असला, तरी गाडीचे दार उघडताच ती शेपूट पोटाखाली घेऊन मागे सरकते. पेणला आमचे वरचेवर जाणे असल्यामुळे गेल्या सप्टेंबरात आम्ही अंगाला घट्ट बसणारे, घाबरट कुत्र्यांसाठी म्हणून विकले जाणारे जॅकेट १,६५० रुपयांना घेतले. तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळले की ते शांत होते, त्याच धर्तीवर छातीला आणि पोटाला सगळीकडून सारखा, हलका दाब मिळाला की कुत्र्याचीही भीती उतरते, अशी त्यामागची कल्पना आहे. या विषयावर झालेले अभ्यास मोजके आणि लहान असून त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे पाकिटावरच्या दाव्यांपेक्षा स्वतःच्या कुत्र्यावर येणारा अनुभवच मोलाचा मानावा लागतो.

पहिला प्रयोग आमच्याच घाईमुळे फसला. पार्किंगमध्ये जॅकेट चढवून आम्ही थेट निघालो. पळस्प्यापर्यंत खारी नेहमीपेक्षा स्थिर होती, पण कर्नाळ्याच्या वळणांवर तिने उलटी केली. नंतर पशुवैद्यांनी विचारपूस केली, तेव्हा थरथर सुरू होण्याआधी ती सारखे ओठ चाटते, जांभया देते आणि तिची लाळ गळते, हे आमच्या ध्यानात आले. म्हणजे ज्याला आम्ही इतकी वर्षे निव्वळ भीती समजत होतो, त्याच्या मुळाशी गाडी लागणे होते. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते, तिच्या गोंधळातून ही मळमळ होते. पिल्लांमध्ये ती अधिक आढळते आणि पुष्कळदा वयाबरोबर कमी होते. परंतु गाडी आणि मळमळ यांची सांगड एकदा मनात बसली, की मळमळ नसतानाही भीती उरते. जॅकेटचा दाब या मळमळीवर काहीच करू शकत नाही, आणि ही गोष्ट पाकिटावर कुठेही लिहिलेली नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

पशुवैद्यांनी वजनानुसार मॅरोपिटंटची, म्हणजे मळमळ आणि उलटी रोखणाऱ्या औषधाची, गोळी प्रवासाच्या दोन तास आधी देण्यास सांगितले. तीन आठवडे आम्ही खारीला जेवणाच्या वेळी घरातच जॅकेट घालत होतो, कारण ते केवळ प्रवासालाच बाहेर निघाले तर कुत्रा जॅकेट पाहूनच घाबरू लागतो. त्याच काळात बंद गाडीत बसवून चिकनचे तुकडे, मग नुसते इंजिन चालू, मग पहाटेच्या मोकळ्या पाम बीच रोडने वाशीपर्यंत फेरी, असा क्रम ठेवला. दिवाळीत पेणला जाताना उलटी झाली नाही आणि उरण फाटा येईतो खारी अंग टाकून झोपलीसुद्धा. डिसेंबरात मुद्दाम गोळी देऊन पण जॅकेट न घालता नेले, तेव्हा तिला झोप लागायला उरण फाट्याच्या बरीच पुढची कळंबोली आली. एका फेरीवरून फार मोठा निष्कर्ष काढता येणार नाही हे मान्य करूनही, जॅकेटच्या पदरात मी उरण फाटा ते कळंबोली एवढे श्रेय टाकीन. ते नगण्य नाही, पण १,६५० रुपये मोजताना आमची अपेक्षा बरीच मोठी होती.

मार्चपासून जॅकेट कपाटात आहे. कुत्र्याच्या अंगातली उष्णता मुख्यतः धापेवाटे बाहेर पडते आणि भ्यालेला कुत्राही धापाच टाकतो. त्यामुळे इथल्या दमट उकाड्यात जाड कापडाखाली असलेला कुत्रा तापला आहे की घाबरला आहे, हे ओळखणे अवघड होते. एसी चालू असला तरी सिग्नलवर मागच्या सीटवर ऊन येतेच. शिवाय हे जॅकेट म्हणजे सीटबेल्ट नव्हे. त्यासाठी छातीला बसणारा वेगळा हार्नेस लागतो, आणि तो जॅकेटवरून चढवताना दोन माणसे लागतात.

घेणाऱ्यांनी मापाकडे लक्ष द्यावे. पाकिटावरचा तक्ता फक्त छातीचा घेर विचारतो; आपल्या देशी कुत्र्यांची छाती खोल आणि कंबर बारीक असल्याने छातीला नेमके बसणारे जॅकेट पोटाशी सैल पडते आणि तिथला दाब नाहीसा होतो. आम्ही ते बदलून मागितले, तेव्हा वेल्क्रोला केस चिकटले आहेत, या कारणावरून दुकानदाराने नकार दिला. अखेर कोपऱ्यावरच्या शिंप्याने ऐंशी रुपयांत दोन्ही बाजूंना चुण्या घालून ते पोटाशी बसवून दिले, आणि दिवाळीच्या फेरीत खारीच्या अंगावर होते ते हेच, शिंप्याने दुरुस्त केलेले जॅकेट.