ड्रायरची घरघर, फर्नेसची शिट्टी: अकरा महिने वापरल्यावर

न्यू जर्सीत, एडिसनच्या या टाउनहाउसमध्ये येऊन अकरा महिने झाले. कपडे वाळवायचा ड्रायर आम्ही नवा घेतला. घर गरम करणारी गॅसची भट्टी, म्हणजे फर्नेस, आणि सेंट्रल एसी घराबरोबरच आले. तिन्ही यंत्रं कामाला चांगली आहेत, पण आवाजांनी पहिले काही महिने कान किटले होते.

जानेवारीत आई सांगलीहून आली. तिसऱ्याच रात्री दोन वाजता तिने मला उठवलं. "बाहेर कोण कडी वाजवतंय गं?" दोघी टॉर्च घेऊन बाहेर गेलो. वारा सुटला होता आणि ड्रायरच्या व्हेंटची (हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडाची) प्लास्टिकची झडप भिंतीवर टक-टक आपटत होती. एका बाजूची बिजागरी तुटलेली, कडेला लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू, चिकटलेलं, त्यामुळे ती नीट मिटतच नव्हती. दुसऱ्या दिवशी ती बदलली. बदलताना जाळीचं झाकण घेऊ नका, जाळीत लिंट अडकून तोंडच बंद होतं.

टक-टक थांबली, तरी ड्रायरची घरघर होतीच आणि कपडे दोनदा फिरवावे लागत. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, ड्रमचे रोलर गेलेत. चार महिन्यांच्या मशीनचे रोलर कसे जातील? मी ड्रायर पुढे ओढला. मागे आधीच्या मालकांची चुण्याचुण्यांची फॉइलची नळी भिंतीशी दबून पार चपटी झाली होती. भिंतीत जाणाऱ्या वळणातून आईने हात घालून लिंट ओढलं, ते येतच राहिलं. करडं, दमट, पिंजलेल्या कापसासारखं. "अगं, यात एक उशी भरेल," ती म्हणाली.

आता ४ इंची कडक अॅल्युमिनियमचा पाइप आहे. सांधे स्क्रूऐवजी फॉइल टेपने जोडले. स्क्रूची टोकं आत आली की त्यांना लिंट अडकतं. पाइप जास्तीत जास्त ३५ फूट असावा आणि प्रत्येक काटकोनी वळणाला त्यातले ५ फूट वजा धरावेत, असा इथल्या बांधकाम नियमावलीतला सर्वसाधारण हिशेब आहे. घरघर गेली, दीड तासाचं काम पन्नास मिनिटांवर आलं. आवाजापेक्षाही मला धास्ती आगीची होती. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या एका अहवालात ड्रायरच्या आगींचं सर्वांत मोठं कारण साफसफाई न करणं हेच दिलंय, ३४ टक्के.

फर्नेसच्या शिट्टीला मात्र आम्हीच जबाबदार. मुलाच्या अॅलर्जीसाठी मर्व १३ चा एक इंची फिल्टर घातला (मर्व म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याचं माप; आकडा मोठा तितका तो दाट) आणि गॅस वाचावा म्हणून दोन खोल्यांत गरम हवा सोडणारी व्हेंट बंद केली. फिल्टरची खाच उघडली तर तो भाजलेल्या पापडासारखा आत वाकला होता, बाजूच्या फटीतून हवा शिट्टी मारत होती. मर्व ८ लावला, व्हेंट उघडली, शिट्टी बंद. मुलाच्या खोलीत वेगळा एअर प्युरिफायर ठेवलाय.

एक 'ढब्ब' अजून आहे. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा दाबल्यावर होतो तसाच. फर्नेसचा बर्नर पेटल्यावर थोड्या वेळाने हवा ढकलणारा पंखा, ब्लोअर, सुरू होतो, तेव्हा खोल्यांकडे हवा नेणाऱ्या डक्टचा पत्रा फुगतो. ते चालेल. पण धडाका बर्नर पेटतानाच झाला तर साठलेला गॅस उशिरा पेटतोय. फर्नेस बंद करा आणि त्याच दिवशी तंत्रज्ञाला बोलवा.

एसीच्या बाहेरच्या युनिटची खडखड पत्र्याचा एक सैल स्क्रू आवळल्यावर गेली.

ड्रायरला पाचपैकी चार तारे. जाड दुलई अजूनही मध्येच काढून, उलटून पुन्हा घालावी लागते, म्हणून एक कापला.