अल्कोहोल-एड्यू : पहिल्या सत्रापुरता खरा आधार

अमेरिकेतील अनेक विद्यापीठे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना, वसतिगृहात राहायला येण्यापूर्वीच, ‘अल्कोहोल-एड्यू’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम करायला लावतात. माझा भाचा तिकडे शिकायला निघाला तेव्हा त्याने तो पुण्यात घरीच केला, आणि खासगी प्रश्नावलीचा भाग सोडून मी त्याच्या शेजारी बसून तो पाहिला. माझे मत अनुकूल आहे, मात्र ते सरसकट नाही.

या अभ्यासक्रमाची मोठी जमेची बाजू अशी की तो उपदेश करत बसत नाही. न पिणाऱ्याला आणि पिणाऱ्याला तो वेगवेगळा मजकूर दाखवतो, आणि ‘कॉलेजात सगळेच पितात’ हा समज आकडे समोर ठेवून खोडून काढतो. पहिल्या काही आठवड्यांत, धड कोणाशी ओळख नसताना, याच समजापोटी मुले हातात ग्लास घेतात.

मापांचा भाग आपल्या पालकांनीही पाहावा. अमेरिकेत एक ‘स्टँडर्ड ड्रिंक’ म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजेच ५ टक्क्यांची सुमारे ३५५ मिलिलिटर बिअर किंवा ४० टक्क्यांची ४४ मिलिलिटर व्हिस्की. आपल्याकडचा ६० मिलिलिटरचा लार्ज पेग ४२.८ टक्क्यांचा धरला, तर त्यात सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल भरते, असे आम्ही कागदावर मांडून पाहिले. सुमारे दोन तासांत मुलीने चार किंवा मुलाने पाच ड्रिंक घेणे तिथे धोक्याचे मानतात; म्हणजे तीन लार्ज पेगांत मुलगी ती मर्यादा ओलांडते आणि मुलगा तिच्या जवळ पोचतो.

मद्याच्या विषबाधेची माहिती तर प्रत्येक मुलाला तोंडपाठ हवी. हाका मारूनही जाग न येणे, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचे अंतर, निळसर पडलेली त्वचा, यांपैकी काहीही दिसले तर ९११ला फोन करून मित्राला कुशीवर वळवायचे आणि त्याच्याजवळच थांबायचे. कॉफीने किंवा थंड पाण्याच्या आंघोळीने काही होत नाही, आणि शुद्ध हरपल्यानंतरही रक्तातील अल्कोहोल वाढत राहू शकते. एकविशीच्या आत पिणे तिथे बेकायदा असल्याने मुले फोन करायला घाबरतात. पण मदत मागणाऱ्याला कारवाईतून सूट देणारे कायदे अनेक राज्यांत आहेत, हे त्यांना आधीच ठाऊक असलेले बरे.

आता मर्यादेविषयी. तीस विद्यापीठांत झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या अभ्यासक्रमामुळे पहिल्या सत्रात पिण्याची वारंवारता आणि एका बैठकीत भरमसाट पिणे, दोन्ही कमी झाल्याचे आढळले. वसंत सत्रात मात्र हा परिणाम टिकला नाही. जिथे अधिक विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, तिथे परिणामही अधिक दिसला. म्हणून महिना-दीड महिन्याने येणारा दुसरा भाग मुलांनी टाळू नये, नुसती बटणे दाबत पुढे सरकू नये, आणि विद्यापीठांनीही एवढ्यावर न थांबता वसंत सत्रात समुपदेशकाशी समोरासमोर बोलण्याची सोय करावी. भाच्याशी याच विषयावर जानेवारीत पुन्हा सविस्तर बोलायचे, असे आम्ही घरी ठरवले आहे.