स्पायरल चिप, सात महिने वापरून: बुडबुडा आणि मी

रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायची ही छोटी चिप, आत गोल-गोल वळणांची बारीक वाहिनी. मागच्या शुक्रवारी पुन्हा तेच. पातळ केलेलं रक्त सिरिंज पंपावर चढवलं आणि दुसऱ्या वळणावर बुडबुडा अडकला. पांढऱ्या पेशींच्या नळीत सगळं लालच लाल. ज्या सहकाऱ्याचं रक्त होतं, तो पुन्हा बाही वर करायला तयार नाही.

चालते तेव्हा चिप बघत बसावी अशी आहे. पेशी वेगळ्या करायला ना अँटिबॉडी, ना चुंबक. १० ते १५ मायक्रॉनच्या पांढऱ्या पेशी आतल्या भिंतीलगत रांगेत, ७-८ मायक्रॉनच्या तांबड्या बाहेरच्या बाजूला, शेवटी दोन वेगळी तोंडं. पण बुडबुडा आला की रांग मोडते.

मार्चमध्ये तक्रार केली. कंपनीचा माणूस आला, पंपाकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुमचं सॅम्पल खराब आहे." त्या दिवशीच मी एक स्टार द्यायचं ठरवलं होतं.

मग जूनमध्ये सायनला पाणी भरलं आणि गाड्या अडकल्या. परळला लॅबमध्ये पोचेपर्यंत दोन वाजले. ज्युनिअरने सकाळीच फ्रीजमधून काढलेलं बफर (रक्त पातळ करायचं द्रावण) तोवर टेबलावरच होतं. त्या दिवशी एकही बुडबुडा नाही! थंड पाण्यात हवा जास्त विरघळते. ४ अंशाचं बफर चिपमध्ये गरम होताना तीच हवा बाहेर पडते. म्हणजे चार महिने मी चिपला शिव्या घातल्या त्या फुकट. आता बफर आधी डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवाबंद भांड्यात, व्हॅक्यूमला ठेवते (नुसतं बफर, पेशी नाहीत हं) आणि पेशींच्या आधी ७० टक्के इथेनॉलने चिप भरून घेते. मागच्या शुक्रवारी घाईत दोन्ही टाळलं होतं. तरी कंपनीला माफी नाही, कारण मॅन्युअलमध्ये याचा एक शब्द नाही.

आता पैशांचं. पाकिटावर 'एकदाच वापरा' लिहिलंय, आणि एक चिप माझ्या तीन महिन्यांच्या लोकलच्या पासाहून महाग. खऱ्या नमुन्याला नवीच घेते. सरावाला आणि मण्यांना (पेशींऐवजी चाचणीला वापरायचे बारीक प्लॅस्टिकचे गोळे) मात्र ब्लीच, पाणी, इथेनॉल अशी धुऊन एकच चिप अकरा वेळा चालवली. नळी खुपसायचं भोक आता सैल झालंय, थेंब गळतो. नवीन मागवायचं गाईडना विचारलंय; उत्तर येईपर्यंत बाराव्यांदा धुतेय.