विद्यापीठ खरं, मधला माणूस खोटा

'स्मार्ट कम्युनिटी डिझाइन'च्या ग्रॅज्युएट सर्टिफिकेटला, म्हणजे पदवीनंतरच्या छोट्या अभ्यासक्रमाला, अर्ज करताना मी फसले. पैसे गेले, पासपोर्टची प्रत परक्याच्या हाती गेली आणि खऱ्या अर्जाची मुदतही हुकली. कुणी असा अर्ज करणार असाल तर आधी हे वाचा.

मी नगररचनेत काम करते. सेन्सर, जीआयएस (जागेनुसार माहिती जोडलेले संगणकी) नकाशे, पाण्याच्या मीटरचा डेटा यांवरून वस्ती कशी आखायची, ते नीट शिकायचं होतं. नोकरी सोडून पूर्ण पदवी करणं शक्य नव्हतं. सर्टिफिकेट साधारण १२ ते १८ क्रेडिटचं, नोकरी सांभाळून होण्यासारखं. चौकशी चालू असतानाच अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा 'अधिकृत प्रवेश प्रतिनिधी' म्हणवणाऱ्याचा मेसेज आला. मी विद्यापीठाची मान्यता तपासली. ती खरी निघाली आणि मी तिथेच निर्धास्त झाले. हा माणूस तुमचाच का, हे विद्यापीठाला विचारलंच नाही.

त्याने गुणपत्रिका, पासपोर्ट आणि माझा निबंध मागून घेतला. अंध माणसाला रस्ता ओलांडताना सिग्नल ऐकू कसा यावा, यावर मी कित्येक रात्री जागून तो लिहिला होता. तो कुणी वाचलाच नाही, याचं दुःख पैशांपेक्षा जास्त आहे. मग 'सीट लॉक' करायला ४८ तासांत फी भरा म्हणाला, तीही एका व्यक्तीच्या खात्यात. मी भरली.

दोन दिवसांत ऑफर लेटर आलं. शिक्का, सही, सगळं होतं. फक्त तिसऱ्या ओळीत अभ्यासक्रमाचं नाव 'हॉस्पिटल मॅनेजमेंट' होतं. विचारलं तर म्हणे टायपिंगची चूक, आणि अर्ध्या तासात दुरुस्त पत्र हजर! विद्यापीठाचं पत्र अर्ध्या तासात बदलून येत नसतं. ईमेलमध्ये नाव विद्यापीठाचं दिसत होतं, पण नावावर टिचकी मारल्यावर उघडणारा पत्ता 'डॉट ऑर्ग'वर संपत होता. 'डॉट ईडीयू'वर संपणारा पत्ता २००१ पासून अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त उच्चशिक्षण संस्थांनाच नव्याने मिळतो. ती टिचकी मी फार उशिरा मारली.

बिंग फुटलं ते माझ्या जुन्या प्राध्यापक मॅडममुळे. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, "अगं, शिफारसपत्राची लिंक अजून आली नाही मला." ही लिंक विद्यापीठाचं पोर्टल शिफारस करणाऱ्याला थेट पाठवतं, मध्ये कुणी एजंट नसतो. मी लगेच विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला ऑफर लेटरवरचा क्रमांक कळवला. उत्तर आलं: या क्रमांकाचा अर्ज आमच्याकडे नाही, आणि मुदत चार दिवसांपूर्वी संपली.

बँकेत आणि पोलिसांत त्याच दिवशी तक्रार दिली. पैसे अजून आलेले नाहीत. तुम्हाला कुणी असा भेटला तर पैसे देण्याआधी त्याचं नाव विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला कळवा आणि खात्री करून घ्या. पत्ता विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून स्वतः शोधा, त्याने दिलेला वापरू नका.

पुढच्या सत्राचा अर्ज मी पोर्टलवर स्वतः भरलाय. काल मॅडमचा मेसेज आला, लिंक मिळाली म्हणून.