संस्थापकांची एक स्लाइड आणि ८५,००० रुपये : पिच-सल्ला सेवेचा अनुभव

नवउद्योगासाठी गुंतवणूक उभी करण्याची ‘संपूर्ण तयारी’ करून देणाऱ्या पुण्यातील एका सल्लागार संस्थेची सेवा मी गेल्या वर्षी घेतली. सहा आठवड्यांसाठी ८५,००० रुपये आणि वर जीएसटी असे शुल्क होते. त्यात सोळा स्लाइडचा पिच डेक (गुंतवणूकदारांपुढे मांडायचे सादरीकरण), पाच वर्षांचे आर्थिक अंदाज, गुंतवणूकदारांना पाठवायच्या ईमेलचा मसुदा आणि चार सराव-मुलाखती मिळतात. संस्थेचे नाव देण्याचे टाळतो आहे, कारण माझी तक्रार तिच्यापेक्षा या व्यवसायात रुळलेल्या एका पद्धतीबद्दल अधिक आहे.

आधी माझी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, कारण सगळा वाद तिच्याभोवतीच फिरला. माझे वय ४६, शिक्षण यंत्र अभियांत्रिकीतील पदविका, आणि दूध प्रक्रिया प्रकल्पाच्या देखभाल विभागात १९ वर्षे नोकरी. संकलन केंद्रावरच्या बल्क कूलरमध्ये, म्हणजे दूध थंड करण्याच्या मोठ्या टाकीत, दूध वेळेत ४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले नाही, तर टँकर डेअरीत पोहोचेपर्यंत आम्लता वाढते आणि टँकरभर दूध नाकारले जाण्याची पाळी येते. ते टाळण्यासाठी कूलरवर लक्ष ठेवणारे उपकरण आम्ही बनवतो. माझा भागीदार माझ्याहून सोळा वर्षांनी लहान असून नामांकित संस्थेतून शिकलेला आहे, आणि त्याने बहुराष्ट्रीय कंपनीत तीन वर्षे सॉफ्टवेअरचे काम केले आहे.

सल्लागारांचे पहिले दोन आठवडे ‘संस्थापक’ या एकाच स्लाइडवर गेले. भागीदाराचे छायाचित्र डावीकडे, त्याखाली त्याच्या शिक्षणसंस्थेचे आणि कंपनीचे ठळक बोधचिन्ह. माझी १९ वर्षे ‘उद्योगाचा दीर्घ अनुभव’ एवढ्या तीन शब्दांत आटोपली आणि पदविकेचा उल्लेख गाळला गेला. कारण विचारले तेव्हा तिथला तरुण सल्लागार अगदी नम्रपणे म्हणाला, “सर, गुंतवणूकदार आधी लोगो बघतो.”

राग आला, तरी त्याचे म्हणणे निराधार नव्हते, हे मान्य केले पाहिजे. नवउद्योग आणि गुंतवणूकदार यांची गाठ घालून देणाऱ्या एंजललिस्ट या संकेतस्थळावर २१ नवउद्योगांची माहिती सुमारे साडेचार हजार गुंतवणूकदारांना ईमेलने पाठवून, कोणाला संस्थापकांची माहिती दाखवायची, कोणाला ग्राहकसंख्येतील वाढ आणि कोणाला आधीच्या गुंतवणूकदारांची नावे, हे यदृच्छेने ठरवणारा एक प्रयोग झाला होता. २०१७ साली ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये तो प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण गुंतवणूकदाराचा प्रतिसाद ठळकपणे वाढला तो फक्त संस्थापकांच्या माहितीमुळे, आणि त्या माहितीत शिक्षणसंस्था व आधीच्या नोकऱ्या यांचाच भरणा होता. ८८५ व्यावसायिक गुंतवणूकदारांच्या एका वेगळ्या पाहणीत ४७ टक्के लोकांनी संस्थापकांचा चमू हा सर्वांत महत्त्वाचा निकष असल्याचे सांगितले. फ्लिपकार्टचे संस्थापक असलेले दोन्ही बन्सल आयआयटी दिल्लीत शिकलेले आणि ॲमेझॉनमध्ये काम केलेले, हे उदाहरण तर आम्हाला पहिल्याच बैठकीत ऐकवले गेले.

मात्र एंजललिस्टच्या प्रयोगात मोजले गेले होते ते ईमेलमधील दुव्यावर टिचकी मारणे. धनादेशावर सही करणे नव्हे. बोधचिन्हाने ईमेल उघडला जातो. पुढे समोरासमोर बसल्यावर काय होते, याचा विचार या सेवेत जवळपास केलेलाच नाही. मला आलेला अनुभव असा, की पहिल्याच खऱ्या बैठकीत, स्वतः दुग्धव्यवसायात पैसे गुंतवलेल्या एका गृहस्थांनी डेक बाजूला सारून विचारले, “केंद्रचालकाने तुमचा सेन्सर काढून गार पाण्यात बुडवून ठेवला तर?” असे प्रकार मी नोकरीत पाहिलेले होते, म्हणूनच आमचे उपकरण तापमानासोबत कॉम्प्रेसरचा विद्युतप्रवाहही मोजते, नवे दूध ओतले गेले आणि कॉम्प्रेसर मात्र चाललाच नाही, तर तापमानाचा आकडा खोटा आहे हे लगेच कळते. त्या एका उत्तरावर पाऊण तास चर्चा झाली. सोळा स्लाइडमध्ये या मुद्द्याला एक ओळही मिळाली नव्हती, कारण सल्लागारांनी माझ्या १९ वर्षांत नेमके काय झाले, हे मला कधी विचारलेच नाही.

माझ्या वयाबद्दलही सल्लागार अस्वस्थ होते, पण ती अस्वस्थता ऐकीव समजुतीवर उभी होती. अमेरिकेतील नवउद्योगांवर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्वाधिक वेगाने वाढणाऱ्या, म्हणजे हजारात एक अशा, कंपन्यांच्या संस्थापकांचे सुरुवातीच्या वेळचे सरासरी वय ४५ निघाले, आणि त्याच क्षेत्रातील आधीच्या कामाचा यशाशी संबंध स्पष्ट दिसला. उलट, १९ व्या वर्षी स्टॅनफर्ड सोडून ‘थेरानोस’ ही रक्त-तपासणीची कंपनी काढणाऱ्या एलिझाबेथ होम्स यांच्याभोवती अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर आणि जॉर्ज शुल्ट्झ यांच्यासारखे संचालक होते. गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल त्या २०२२ साली दोषी ठरल्या. नावांच्या मांदियाळीने रक्त-तपासणीचे यंत्र काही चालले नाही.

आर्थिक अंदाज निकृष्ट होते. कोणत्या तरी मोबाइल ॲपसाठी केलेला तक्ता नाव बदलून दिला असावा, कारण त्यात ग्राहक महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे देतो असे गृहीत धरले होते. दूध संघांकडून बिल निघायला आम्हाला नव्वद दिवस लागतात.

सराव-मुलाखती मात्र उत्तम, आणि त्यातही तिसरी. ती बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्यांनी घेतली. आम्ही कुठे शिकलो, याची त्यांनी चौकशीही केली नाही. भागीदार उद्या नोकरीला परतला तर सॉफ्टवेअर कोण सांभाळणार, त्याच्या वाट्याच्या शेअर्सचे काय होणार, आणि मी नोकरी सोडली तेव्हा जुन्या मालकाशी कोणता करार होता, हे तीन प्रश्न त्यांनी उत्तर मिळेपर्यंत फिरवून फिरवून विचारले. पुढच्या बैठकांत यांपैकी दोन प्रश्न जसेच्या तसे आले.

हिशेब सांगायचा तर २३ ईमेल गेले, सहा उत्तरे आली, दोघांनी दुसऱ्यांदा बोलावले आणि एकाशी बोलणी अजून चालू आहेत. ईमेलचा मसुदा त्यांचाच होता, त्यामुळे त्या सहा उत्तरांचे श्रेय मी त्यांना आणि भागीदाराच्या बोधचिन्हांना देतो.

माझ्या मते संपूर्ण सेवा पाचपैकी अडीच गुणांची आहे आणि एवढे शुल्क डेकसाठी देऊ नये. सराव-मुलाखत प्रत्येकी ६,००० रुपयांत स्वतंत्रपणेही मिळते. माहितीपत्रकात तसे छापलेले नाही, विचारावे लागते. ते निवृत्त अधिकारी फक्त शनिवारी दुपारी येतात, म्हणून किमान तीन आठवडे आधी वेळ ठरवून घ्यावी.