मराठी ई-पुस्तकासाठी केडीपी: सोय मोठी, पण आधी अक्षरं साफ करा

ॲमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंगवर, म्हणजे केडीपीवर, मराठी पुस्तक स्वतः प्रसिद्ध करता येतं आणि त्यासाठी एक रुपयाही भरावा लागत नाही. फाइल चढवली की तपासणीला साधारण ७२ तासांपर्यंत वेळ लागतो. मग तेच पुस्तक सांगलीतल्या वाचकाला आणि न्यू जर्सीतल्या वाचकाला एकाच दिवशी विकत मिळतं. ज्यांची पुस्तकं वर्षानुवर्षं 'आउट ऑफ प्रिंट' पडून आहेत, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. किती प्रती गेल्या हे रोज स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं, कुणाला विचारावं लागत नाही.

एक मर्यादा मात्र पहिल्याच दिवशी समजून घ्यावी. मराठीसाठी इथे फक्त ई-पुस्तक आहे. केडीपीची छपाई मराठीला नाही, आणि ॲमेझॉनच्या भारतातल्या दुकानासाठी ती सेवाच नाही. कागदाची सोय वेगळी करावी लागते, त्याबद्दल पुढे.

खरी अडचण वेबसाइटवर येत नाही, ती आपल्या फाइलमध्येच असते. महाराष्ट्रातलं बहुतेक जुनं डीटीपी श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये झालेलं आहे. तो मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. तो तसाच चढवला तर किंडलवर कचरा दिसतो. म्हणून आधी कन्व्हर्टरने युनिकोड करायचं, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसेल अशा प्रमाण संकेतांत मजकूर बदलायचा. इथे घाई करू नका. कन्व्हर्टर शंभर टक्के बरोबर कधीच नसतो आणि त्याच्या चुका ठरावीक जागी होतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य तपासा. तो रफाराचा र्य झाला तर 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' यांतला फरकच पुसला जातो. रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो. पहिली वेलांटी जोडाक्षरात चुकीच्या जागी बसते. मजकुरात इंग्रजी शब्द असले तर त्यांचंही 'मराठी' होऊन बसतं. पाय मोडलेलं अक्षर उघडं दिसतंय का आणि मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ येतंय का, हे पानापानावर बघावं लागतं. दोनशे पानांच्या पुस्तकाला या एका वाचनासाठी सात-आठ दिवस राखून ठेवा.

नव्याने टाइप केलेल्या मजकुरातही दोन खोडी असतात. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर आहे, पण बरेच जण 'अ'वर चंद्र देऊन ते बनवतात. दिसायला सारखं, पण शोधताना सापडत नाही आणि काही फाँटमध्ये फुटतं. दुसरी खोड प्रश्नचिन्हाची. मराठी जुळणीत प्रश्नचिन्हाआधी जागा सोडायची जुनी सवय आहे. मोबाइलवर ओळ तिथेच तुटते आणि प्रश्नचिन्ह एकटंच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतं. शोधा-बदला करून ती जागा काढून टाकली की प्रश्न मिटतो.

वर्डमध्ये काम करत असाल तर प्रकरणांच्या शीर्षकांना 'हेडिंग १' ही शैली द्या, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते. परिच्छेदाची सुरुवात स्पेसबार किंवा टॅब दाबून आत ढकलू नका, शैलीतून द्या. कवितेत दुमडलेली ओळ आत सरकेल अशी रचना करा. नाहीतर फोनवर लांब ओळ मोडते आणि नवी ओळ कुठे सुरू झाली ते कळत नाही. पीडीएफ चढवण्याच्या फंदात पडू नका. डॉक्स (वर्डची फाइल) चालते, ईपब (ई-पुस्तकांचा नेहमीचा फाइल-प्रकार) उत्तम. भाषा 'मराठी' अशीच नोंदवा. देठाचा श आणि पाकळीचा ल ही मराठी वळणं मिळतील की हिंदी, हे फाँटवर आणि फाइलमधल्या भाषेच्या नोंदीवर अवलंबून असतं. मुख्य मजकुराला स्वतःचा फाँट जोडायचा मोह टाळावा; वाचक अक्षर मोठं करतो तेव्हा किंडलचा देवनागरी फाँटच बरा वागतो. शेवटी किंडल प्रिव्ह्यूअरमध्ये (पुस्तक कसं दिसेल ते दाखवणारं ॲमेझॉनचं सॉफ्टवेअर) फोन, टॅबलेट आणि किंडल अशा तिन्ही रूपांत पूर्ण पुस्तक चाळा, फक्त पहिली दहा पानं नकोत.

मुखपृष्ठ २५६० पिक्सेल उंच आणि १६०० रुंद असावं. चित्रकाराला सांगा की फोटोशॉपमध्ये भारतीय लिपींसाठीचं टेक्स्ट इंजिन चालू करा, नाहीतर वेलांट्या सुट्या पडतात. दुकानात मुखपृष्ठ नखाएवढं दिसतं. बारीक शिरोरेषेचं नाजूक सुलेखन त्या आकारात नाहीसं होतं.

वाचक पुस्तक शोधतो ते बहुतेक वेळा रोमन लिपीत. शीर्षक देवनागरीतच ठेवा, पण सात कीवर्डांच्या रकान्यांत विषयाचे मराठी शब्द आणि त्यांची रोमन रूपं दोन्ही भरा. वर्णनाला ४००० अक्षरांची मुभा आहे. कथासंग्रह असेल तर दोन ओळींवर भागवू नका. मजकूर किंवा चित्र एआयने बनवलेलं असेल तर तसं जाहीर करावं लागतं.

आता पैशांचं. मानधनाचे दोन दर आहेत, ३५ आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे ई-पुस्तक काही काळ फक्त ॲमेझॉनलाच देण्याच्या योजनेत, नाव घालणं सक्तीचं आहे. शिवाय ७० टक्क्यांच्या दरात भारतात दर एमबीला ७ रुपये पोहोचवण्याचा खर्च कापला जातो, ३५ मध्ये नाही. कर सोडून १५० रुपये किंमत धरा. फाइल १ एमबीची असेल तर लेखकाला १०० रुपये १० पैसे मिळतात, ३५ च्या दराने ५२ रुपये ५० पैसे. पण फोटोंनी भरलेलं प्रवासवर्णन १२ एमबीचं झालं, तर ७० टक्क्यांच्या दरातही हातात ४६ रुपये २० पैसेच पडतात! या किमतीला पावणेअकरा एमबीच्या आसपास पारडं फिरतं. फोटो आधी लहान करा, मग दर निवडा. अमेरिकेतल्या दुकानात २.९९ ते ९.९९ डॉलरच्या दरम्यान किंमत ठेवली तर सिलेक्टशिवायही ७० टक्के मिळतात. परदेशातला मराठी वाचक धरायचा असेल तर तिथली किंमत रुपयांवरून आपोआप ठरू देऊ नका, हाताने भरा.

सिलेक्टची अट नीट वाचावी. ९० दिवस ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही असता कामा नये: बुकगंगावर नाही, गूगल प्ले बुक्सवर नाही, स्वतःच्या ब्लॉगवरही नाही. नमुना म्हणून १० टक्के मजकूर चालतो. प्रतिलिपी या कथा-कादंबऱ्यांच्या ॲपवर भाग टाकत लिहिलेली कादंबरी असेल तर आधी तिथून उतरवा. छापील प्रतीवर मात्र बंधन नाही. बदल्यात किंडल अनलिमिटेडच्या (वर्गणी भरून पुस्तकं वाचायची ॲमेझॉनची योजना) सभासदांनी वाचलेल्या पानांचे पैसे मिळतात (दर महिन्याला बदलता) आणि पाच दिवस पुस्तक फुकट देता येतं. पहिल्या पुस्तकाला हे फायद्याचं आहे. ज्यांचा वाचक बुकगंगावर आधीच आहे, त्यांनी ३५ टक्के घेऊन मोकळं राहावं.

खातं उघडताना अमेरिकी कराची प्रश्नावली येते, ती बघून बरेच जण थांबतात. घाबरण्यासारखं काही नाही. परदेशी करक्रमांकाच्या जागी पॅन भरा आणि भारत-अमेरिका कराराचा लाभ मागा. अमेरिकेतल्या विक्रीवरची कपात ३० ऐवजी १५ टक्के होते. पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी बँकेत येतात, जानेवारीचे मार्चअखेर.

कागदावर पुस्तक हवंच, कारण ग्रंथालयं, पुरस्कार आणि दिवाळीतली भेट हे सगळं अजून छापील प्रतीवर चालतं. मागणीप्रमाणे एकेक प्रत छापायला बेंगळुरूची पोथी डॉट कॉम आणि चेन्नईची नोशन प्रेस आहेत. प्रत महाग पडते, पण घरात गठ्ठे साठत नाहीत. तीनशेच्या पुढे खात्रीचे वाचक असतील तर पुण्या-मुंबईतला छापखाना बरा. पानं सोळाच्या पटीत बसवा, म्हणजे फॉर्म (एका वेळी छापला जाणारा सोळा पानांचा ताव) वाया जात नाही. इनडिझाइनमध्ये जुळणी असेल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरी अक्षरं नीट जोडणारी सोय) चालू आहे ना ते विचारा.

ई-पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, लागत नाही. छापील प्रतीसाठी तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून फुकट मिळतो आणि लेखकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. त्याचे पैसे कुणालाही देऊ नका. छापून झाल्यावर १९५४ च्या कायद्यानुसार ३० दिवसांत प्रती पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. एकट्याने पुस्तक काढणारे हे हमखास विसरतात, आणि मग पुस्तक या ग्रंथालयांच्या सूचीत सापडत नाही.

जुनं पुस्तक पुन्हा काढणाऱ्यांनी जुना करार शोधून काढावा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क सोपवताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. मे १९९५ नंतरच्या करारांत मुदतीचा रकाना रिकामाच असेल तर हक्क लेखकाकडे परत आलेले असू शकतात; त्याआधीच्या करारांना हा नियम लागू नाही. तरी प्रकाशकाला लेखी कळवून पोच घ्या, कारण ॲमेझॉन कधीही हक्कांचे कागद मागू शकतं. आणि सिलेक्टमध्ये गेलात तर लक्षात ठेवा, ९० दिवस संपले की ते आपोआप पुन्हा सुरू होतं. बाहेर पडायचं असेल तर त्याआधी खात्यात जाऊन ती खूण काढून ठेवा.