परराज्यातलं सरकारी मेडिकल कॉलेज की खाजगी?

अमेरिकेत एमडीसाठी (तिथली डॉक्टर होण्याची मूळ पदवी) अर्ज करताना यादीत स्वतःच्या राज्यातली सरकारी कॉलेजं आधी घालायची, यात वादच नाही. प्रश्न येतो तो उरलेल्या यादीचा.

परराज्यातल्या सरकारी कॉलेजांच्या नावाचा मोह पडतो, पण तिथे बहुतेक जागा स्थानिक मुलांसाठीच असतात. टेक्सासच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत बाहेरच्या राज्यांतल्यांना १० टक्क्यांपेक्षा जास्त जागा देता येत नाहीत. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचा भर वॉशिंग्टन, वायोमिंग, अलास्का, मोंटाना आणि आयडाहो या पाच राज्यांवर. न्यू जर्सीच्या मुलीला एमकॅट या प्रवेश परीक्षेत ५१५ असे घसघशीत गुण मिळाले, तरी तिथे तिचा अर्ज मागेच पडणार. व्हरमाँटचं कॉलेज मात्र बाहेरच्यांना खरोखर घेतं, म्हणून सरसकट काट मारू नका.

खाजगी कॉलेजांत राज्य सहसा आड येत नाही. (टेक्सासचं बेलर खाजगी असूनही स्थानिकांना झुकतं माप देतं, एवढं लक्षात असू द्या.) अडचण गर्दीची. जॉर्जटाउनकडे १०,०००हून जास्त अर्ज येतात, जागा साधारण २००. फीही जड.

तरीही माझा कौल खाजगीलाच. ठरवण्याआधी एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या 'एमसार' या कॉलेजनिहाय माहितीकोशात एमकॅटच्या आकड्याइतकाच आणखी एक आकडा बघा: परराज्यातल्या किती अर्जदारांना मुलाखतीला बोलावलं? तो नगण्य असेल, तर त्या कॉलेजच्या सेकंडरी निबंधांत (मूळ अर्जानंतर कॉलेज स्वतंत्रपणे मागतं ते) जुलै घालवू नका.